तुमची नळी आणि आमच्या मावससासूबाई

थोरल्या साडूभाऊंना धाकट्या साडूचा मनापासून नमस्कार.

बोटीवरून सुखरूप उतरलात, पाय पुन्हा जमिनीला लागले, हे ताईंकडून कळलं आणि बरं वाटलं. तुमची कंबर आता कशी आहे? इंजिनखोलीत वाकून वाकून तिचं काय होतं, हे तुम्ही मागच्या वेळी जेवणाच्या टेबलाखाली वाकून दाखवलं होतंत, आणि तुम्हाला सरळ करायला आम्ही सगळे लागलो होतो, ते अजून डोळ्यांसमोर आहे. ताईंचा खांदा आता उतरला असेल (म्हणजे दुखणं उतरलं असेल, खांदा नव्हे). इतके महिने इंजिनाच्या आवाजात काढल्यावर घरातली शांतता सोसत नाही म्हणतात. मला तसा अनुभव नाही. इकडे सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे कोण कोण, हेच सांगायला हे पत्र लिहितो आहे. ताईंनी तुम्हाला थोडंफार सांगितलं असेलच, पण त्यांना जे कळलं ते सासूबाईंनी फोनवर सांगितलेलं, आणि सासूबाई फोनवर बातमी इस्त्री करून देतात. मी तुम्हाला चुरगळलेली देतो. फोनच केला असता, पण आमच्याकडचा फोन हल्ली टेबलावर मधोमध ठेवून, आवाज मोठा करून, सर्वांसमक्ष बोलायची वस्तू झाली आहे. म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून फ्रेमांच्या कपाटामागे स्टुलावर बसलो आहे.

तर सासूबाईंच्या वाढदिवसाला तुम्ही कुठल्याशा बंदरातून ते खोकं धाडलंत. साडूभाऊ, लोकांचे जावई सासूला घड्याळ देतात, छत्री देतात, फार तर पाठ शेकायची पिशवी देतात. तुम्ही थुंकायची नळी दिलीत. सासूबाईंना आधी तो अपमान वाटला. थोरल्या जावयांच्या मनात माझ्याविषयी काही असेल तर त्यांनी तोंडावर बोलावं, असं त्या दोन दिवस भिंतीकडे बघून म्हणत होत्या. मग हिनं (तुमच्या मेहुणीनं) आतला कागद वाचून दाखवला, की यात लाळ पाठवली की कंपनी डीएनए तपासते आणि आपलं मूळ कुठलं, कुळातलं कोण कुठे आहे ते सांगते. कूळ म्हटल्याबरोबर सासूबाई सरळ बसल्या. त्यांचं घराणं तुम्हाला माहीतच आहे. आमच्या घराण्यात कुणी आवाज चढवत नाही, आमच्या घराण्यात कुणाला कपाळावर घाम येत नाही, आमच्या घराण्यात कपात चहा शिल्लक ठेवून कुणी उठत नाही. शिवाय वडिलांकडून आलेलं ते सरळ नाक. (त्या नाकावर मी इतकी वर्षं चष्मे बसवतो आहे. नाक चांगलंच आहे, तक्रार कानांची आहे. त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे, त्यामुळे प्रत्येक चष्म्याची डावी दांडी मला वेगळी वाकवून द्यावी लागते. पण हे त्यांना सांगायची छाती मला लग्नापासून झालेली नाही. फ्रेममध्येच खोट आहे असं सांगून मी फ्रेमा बदनाम करत आलो.) आता हे घराणं कंपनी लेखी देणार म्हटल्यावर त्यांनी नळी मागवली.

नळीचं सोपं नसतं हो. आधी अर्धा तास खायचं नाही, प्यायचं नाही. ते त्यांनी पाळलं. बोलायचं नाही असं मात्र कागदावर लिहिलं नव्हतं, त्यामुळे तो अर्धा तास त्या बोलल्या, आणि तोंडाला कोरड पडली. नळीवर एक रेघ असते, तिथवर भरावं लागतं, आणि फेस धरत नाहीत. फेस का धरत नाहीत यावर त्यांनी माझ्याशी वाद घातला, जशी काही ती रेघ मीच आखली होती. जावयासमोर थुंकणार नाही म्हणाल्या, म्हणून ही त्यांना डोळे तपासायच्या खोलीत घेऊन गेली आणि पडदा ओढला. पुढे कापलेलं लिंबू ठेवलं, तोंडाला पाणी सुटावं म्हणून. बाहेर बाकावर एक भिडस्त गृहस्थ नंबर तपासायला आले होते. आतून हिचा आवाज, अजून थोडं, अजून थोडं, हा नुसता फेस आहे, परत करा. ते गृहस्थ हळूच उठले आणि दार न वाजवता निघून गेले. परवा समोरच्या दुकानात चष्मा करताना दिसले.

नळी गेली, आम्ही विसरलो. मग एक दिवस रिपोर्ट आला, माझ्या फोनवर, कारण खातं मीच उघडून दिलं होतं. नकाशा होता, रंग होते, टक्के होते. सासूबाईंनी टक्क्यांनाच हरकत घेतली. कुठल्या तरी लांबच्या किनाऱ्यावरचे दोन टक्के निघाले होते, त्यांच्याकडे त्या न बोलावता आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशा बघत होत्या. ते दोन टक्के काढून टाकायला कंपनीला सांगा, म्हणाल्या. मी बोटानं पान खाली सरकवलं, कुठे तक्रार करायची जागा दिसते का ते बघायला, आणि खाली लिहिलं होतं : जवळचे नातेवाईक, एक. सख्खी बहीण.

सासूबाई एकुलत्या एक. हे मला, तुम्हाला, दूधवाल्याला, सगळ्यांना माहीत. मी फोन हिच्या हातात दिला. हिनं वाचलं आणि फोन बंद केला, जणू फोन बंद केला की बहीण रद्द होते. पण सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून आधीच वाचलं होतं. (चष्मा मीच केलेला, आणि चांगला झालेला. दोष द्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.) कंपनीला अक्कल नाही, नळ्यांची अदलाबदल झाली असणार, एवढं म्हणून त्या दुकानाच्या वर घरात निघून गेल्या.

दोनच दिवसांत त्या बहिणीचा निरोप आला. अगदी थोडक्यात. रेल्वे कॉलनीच्या मागच्या चाळीत जन्म झाला का, आणि लहानपणी कुणाकडे वाढलात, एवढंच विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं, नसेल तर नाही म्हणून कळवा, पण कळवा.

साडूभाऊ, त्यानंतर सासूबाई गप्प झाल्या. तुम्ही म्हणाल, मग तक्रार कसली? मीही आधी मनात असंच म्हटलं. पण तो गप्पपणा निराळा होता. घराण्याचं नाव बंद. माझ्या भांग पाडण्याला नावं ठेवणं बंद. एकदा तर त्या कपात चहा तसाच ठेवून उठल्या, आणि त्या कपाकडे मी आणि ही नुसते बघत राहिलो, उचलायचं धाडस होईना. ही ओट्याशी नळ सोडून रडायची. ताई तिकडून फोनवर रडायच्या. दोघी बहिणींचं ठरलं होतं की आईला काही विचारायचं नाही, आणि न विचारता दोघी इतक्या वेळा तिच्याकडे बघायच्या, की त्या बिचारीला स्वतःच्या घरात बसायला कोपरा उरला नाही.

मग एका सकाळी त्या जिना उतरून दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसल्या. पर्स मांडीवर. भेटायला जायचं ठरवलं आहे, तुम्ही सोबत चला, म्हणाल्या. मी विचारलं, हिला सांगू का? ताईंना?

"त्या दोघी माझ्या मुली आहेत, त्या रडत बसतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेरचे आहात. तुम्ही चला."

इतकी वर्षं त्यांच्या गोळ्या आणतो, कानाचं न सांगता दांड्या वाकवतो, आणि शेवटी बाहेरचा. खरं तर लागायला हवं होतं. पण सांगतो, त्या घरात मला कुणीतरी कामाचा समजलं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी दुकान बंद केलं.

दोन्ही गावांच्या मधल्या बसस्टँडसमोर एक चहाचं दुकान आहे, तिथे ठरलं होतं. गाडी काढली असती तर हिला कळलं असतं, म्हणून आम्ही बसनं गेलो. त्या बहीणबाई आधीच येऊन बसल्या होत्या. बाहेर त्यांची छोटी गाडी, दोन ट्रकांच्या मधे, आखून ठेवल्यासारखी सरळ लावलेली, मागे 'शिकाऊ'ची पाटी. त्यांनी आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. आता निवृत्त आहेत, पण पाटी काढलेली नाही, कारण पाटी असली की मागचे लोक अंतर ठेवतात. अंगानं आपल्या सासूबाईंच्या दुप्पट आणि आवाज असा, की त्यांनी हळूच 'या' म्हटलं तर गल्ल्यावरचा माणूस उठून उभा राहिला.

तुम्हाला वाटत असेल, मिठी मारली असेल, रडल्या असतील. छे. त्यांनी सांगितलं, दारातून वारा येतो, आत सरकून बस. आपल्या सासूबाई आत सरकून बसल्या, आणि समोर बघून म्हणाल्या, तुमचा चष्मा वाकडा बसलाय.

आता माझा हात, तो कुठे थांबतो. समोर वाकडा चष्मा दिसला की तो आपोआप जातो. (हिच्या मैत्रिणीच्या लग्नात मी नवऱ्या मुलाचा चष्मा ऐन वेळी काढून सरळ केला होता, ते अजून ऐकून घेतो आहे.) मी त्या बाईंच्या नाकावरून चष्मा उतरवला, डावी दांडी वाकवली, परत बसवला. बसला. बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बघितलंच नव्हतं. कान न बघता, मोजमाप न करता, माझ्या बोटांनी ती दांडी तेवढीच आणि तशीच वाकवली होती, जशी ती दर वर्षी घरच्या चष्म्याची वाकवतात. तो नकाशा, ते रंग, ते टक्के, कशानंही माझा विश्वास बसला नव्हता. तिथे बसला. मी खिशातून फडकं काढलं आणि स्वतःचा चष्मा पुसत राहिलो, कारण त्या वेळी दोघींकडेही बघवेना.

मग त्या, म्हणजे थोरल्या बहीणबाई, बोलल्या. त्या चार-पाच वर्षांच्या असताना घरात बाळ आलं. आई आजारी पडली, खूप दिवस दवाखान्यात होती. बाळाला सांभाळायला शेजारच्या जोडप्यानं नेलं, त्यांना मूल नव्हतं. त्यांची बदली झाली आणि ते बाळासकट गेले. वडिलांनी हो म्हटलं होतं. आई घरी आली तेव्हा तिला सांगितलं, आणि त्यानंतर आईनं तो विषय कधी काढला नाही, कुणाला काढूही दिला नाही. लहान मुलीला कोण काय सांगणार? ती विचारायची, बाळ कुठंय, तर सगळे म्हणायचे, कसलं बाळ? पुढे पुढे तिला स्वतःलाही खात्री वाटेना.

"मी तुला कडेवर घेऊन फिरायचे ना गल्लीत," थोरल्या म्हणाल्या, आणि त्यांचा तो आवाज एवढासा झाला. "मला वाटायचं, मीच तुला कुठंतरी विसरून आले. आणि मोठ्या माणसांनी मला रागवायचं नाही असं ठरवलंय."

तेवढ्यासाठी त्या या वयात नळीत थुंकल्या होत्या, साडूभाऊ. घराणं वगैरे काही नको होतं. आपण बाळ हरवलं का, एवढंच त्यांना माहीत करून घ्यायचं होतं.

आपल्या सासूबाईंनी पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. मग त्या म्हणाल्या, "नाही. मी नीट पोचले होते."

मग दोघींनी चहा घेतला. मी बिस्किटं सांगितली.

आता तुम्ही म्हणाल, एवढं छान झालं, तर हा माणूस कपाटामागे लपून का बसला आहे? सांगतो. मावससासूबाई चार दिवस राहायला आल्या. ते चार दिवस अजून चालू आहेत.

पहिली गोष्ट, आपल्या सासूबाई धाकट्या निघाल्या. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. जन्मभर ज्या खोलीत गेल्या तिथे त्याच थोरल्या असायच्या, आता 'ए धाकटे, पायांत काहीतरी घाल' असं कुणीतरी म्हणतं आणि त्या घालतात. मी बघत होतो, त्या मुकाट्यानं घालतात. पण तो हुकूम तिथे संपत नाही. त्या तो हिला देतात, थोडा वाढवून, आणि ही मला देते, त्यात आपली भर घालून. थोरल्या नुसतं 'खिडकी लाव' म्हणाल्या तर माझ्यापर्यंत येईस्तोवर मला घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालायचं असतं.

दुसरी गोष्ट, घराणं परत सुरू झालं आहे, आणि आता ते दोन्हीकडून येतं. आमच्या घराण्यात कुणी आवाज चढवत नाही, असं आपल्या सासूबाईंनी सवयीनं म्हटलं, तर थोरल्यांनी तीन घरांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की आमच्या घराण्यात सगळे ओरडतच बोलायचे, वडील तर झोपेतसुद्धा. त्यावर बराच वाद झाला. शेवटी सासूबाईंनी असा निकाल दिला की त्यांची घराणी दोन आहेत, वाढवलं ते एक आणि जन्माचं एक, आणि जिथे जे सोयीचं ते लागू. ज्यांनी वाढवलं त्यांच्याविषयी त्या एक वावगा शब्द ऐकून घेत नाहीत, आणि थोरल्याही तो काढत नाहीत, हे मात्र सांगितलं पाहिजे. त्या दोघांचा फोटो थोरल्यांनी स्वतः पुसून, खिळा ठोकून, जिन्यात नीट लावला. (खिळा माझ्या सांगण्यापेक्षा बराच वर ठोकला आहे. बोललो नाही.)

तिसरी गोष्ट, ब्रेक. मावससासूबाई गाडीत शेजारी बसल्या की त्यांचा पाय आपोआप ब्रेक दाबतो. त्यांच्या स्कूलच्या गाडीत शेजारच्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा. माझ्या गाडीत नाही, त्यामुळे त्या नुसतं पायपुसणं दाबतात, आणि ते तिथे आता फाटलं आहे. गाडीचं एक सोडा, त्या बसमध्ये दाबतात, सिनेमागृहात दाबतात, ही मला काही लागट बोलायला लागली की टेबलाखाली दाबतात. एकदा माझ्या पायावर दाबला.

आणि चौथी गोष्ट सांगितली की मी पत्र आवरतो. त्यांनी धाकटीला गाडी शिकवायला घेतली. माझ्या गाडीवर. सासूबाईंनी आजवर सायकलसुद्धा धरलेली नाही, पण त्यांचं म्हणणं, मागे बसून लोकांना चुका सांगण्याचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे, आता फक्त चाक हातात घ्यायचं बाकी आहे. रोज सकाळी दोघी निघतात. परवा परत येताना गाडी मागे घ्यायची होती. आमच्या दुकानासमोर खांबावर तो मोठा लाकडी चष्मा आहे ना, ज्याखाली उभं राहून तुम्ही लग्नात फोटो काढला होता, त्या खांबाला धडक बसली आणि डावी काच खाली आली. शिकवणारीनं दोष शिकणारीला दिला, शिकणारीनं शिकवणारीला. भांडण इतकं रंगलं की शेजारचा न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक घेऊन बाहेर आला. शेवटी खांबच चुकीच्या जागी आहे यावर दोघींचं एकमत झालं, आणि खांब माझा. आता दुकानावर एका डोळ्याचा चष्मा आहे, आणि येणारा प्रत्येक जण विचारतो, एकच काच करून देता का?

तक्रार करतो आहे असं समजू नका. दिवेलागणीला मी शटर ओढायला जातो तेव्हा दोघी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या असतात. सासूबाई रोज तेच विचारतात, आई कशी दिसायची. थोरल्या रोज तेच सांगतात, तुझ्यासारखीच, पण कमी बोलायची. रोज सासूबाई रागावतात, आणि दुसऱ्या दिवशी परत विचारतात. मी शटर सावकाश ओढतो.

ताईंना नमस्कार. तुमच्या कंबरेला जपा, आणि पुढच्या बंदरातून काही धाडायचं झालं तर छत्री धाडा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलंच. तुमच्याकडे ती व्यायामाच्या सायकलची खोली रिकामी असते. (सायकलवर कपडे वाळत असतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.) थोरला जावई म्हणून सासूवर तुमचा पहिला हक्क आहे, हे मी आजवर कधी बोललो नाही. तो हक्क तुम्ही महिनाभर बजावावा. दोघींना वेगळं करता येणार नाही, तो विचारही मनात आणू नका, मी आणून बघितला आहे. तुम्हाला शांतता सोसत नसेल असं मी वर लिहिलंच आहे, ते काही उगाच नव्हे.

ता. क. दुसरा. जेवायला वर गेलो तेव्हा पत्र स्टुलावर राहिलं आणि दोघींनी वाचलं. सासूबाईंनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले आहेत. कानाचं वाचून त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या, मग थोरलीला बोलावून घेतलं आणि दोघी एकदम आरशात बघून इतक्या हसल्या, की खाली गिऱ्हाइकाला मला काहीतरी कारण सांगावं लागलं. महिनाभर तुमच्याकडे यायची कल्पना त्यांना पसंत पडली आहे. पोस्टाचा खर्च नको म्हणून हे पत्र त्या स्वतःच घेऊन येत आहेत. गाडी सासूबाई चालवणार आहेत. तेव्हा पत्र वाचत असाल तर त्या पोचल्या. फाटकाचं काय झालं ते कळवा.

ता. क. तिसरा. हा भाग त्या बूट घालेपर्यंत घाईनं लिहून पाकीट चिकटवतो आहे, त्यांनी वाचलेला नाही. तुमच्या खोक्यात नळ्या दोन होत्या. दुसरी मी परवा भरून पाठवली. मी एकुलता एक, तुम्हाला माहीतच आहे, आणि माझं तसं काही निघायचं नाही. तरी पाठवली. निकाल फोनवर न घेता कागदावर, तुमच्या पत्त्यावर मागवला आहे, कारण आमच्या घरी काही लपून राहत नाही. कुणी निघालंच, तर आधी मला एकट्याला सांगा. थोरलं कुणी असलं तर फार बरं.